पंच्याहत्तर, मॅडम

बारामती,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

आदरणीय आप्पा,
सविनय जय भीम.

मी बरी आहे. ताप पूर्ण उतरला आहे, भूक लागते, जिना चढताना अजून दम लागतो. गोळ्या आणखी आठवडाभर घ्यायच्या आहेत. टायफॉइड होता हे तुम्हाला हॉस्पिटलमध्ये कळलंच असेल. एमआयडीसीत मला सध्या ऑफिसातच बसवतात, प्लांटमध्ये सोडत नाहीत. दुधाच्या कामातल्या माणसाला टायफॉइड झाला की तपासणी स्वच्छ आल्याशिवाय त्याला आत घेत नाहीत. नियम बरोबर आहे. दुसऱ्या कुणासाठी मीही तोच लावला असता.

फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणता आणि मी ‘ठेवते’ म्हणते, म्हणून पत्र लिहिते आहे. मी होस्टेलला असताना तुम्ही लिहायचात.

मुख्य बातमी अशी. कंपनीचा गुजरातमध्ये नवा प्लांट सुरू होतो आहे. तिथल्या मोजमापाच्या सगळ्या उपकरणांचं काम मला देत आहेत, तीन वर्षांसाठी. मी मेलवर होकार कळवला आहे. कागदावर सही सोमवारी, २५ तारखेला. एक सप्टेंबरला हजर व्हायचं आहे. मधल्या दिवसांत निमगावला येणं जमेल असं दिसत नाही. आईचं शिलाई मशीन माझ्याकडे आहे, ते टेम्पोने पाठवते.

तुम्ही त्या दिवशी येऊन गेलात, बरं वाटलं. मी ‘कधी आलात’ विचारलं, तुम्ही ‘आत्ताच’ म्हणालात, आणि लगेच पानमळ्यात खुडणी आहे म्हणून निघालात. उशिरा आलात असं मला म्हणायचं नाही. पानमळा सोडून येणं सोपं नसतं, मला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहायची नव्हती, पण दुसऱ्या कुणाला सांगावी हे कळत नाही, आणि मी तिकडे गेल्यावर ती माझ्याबरोबरच राहील. तापात मी जे पाहिलं ते.

डॉक्टर त्याला भ्रम म्हणतात. शब्द बरोबर असेल, पण लहान वाटतो. भ्रम म्हणजे दोरीचा साप दिसणं. मला एवढंसं काही दिसलं नाही. मला सगळंच दिसलं.

आमच्या प्लांटचं काम तुम्ही एकदा पाहिलं आहे, हात मागे बांधून पॅनेलसमोर उभे होतात. दूध टाकीतून निघतं, पंच्याहत्तर डिग्रीला तापतं, एका लांब पाइपातून जातं. पाइपाच्या टोकाला एक सेन्सर आणि एक व्हॉल्व्ह आहे. दूध पुरेसं तापलेलं नसेल तर व्हॉल्व्ह ते पुढे सोडत नाही, मागे टाकीत वळवतो. पुन्हा तापायला. तो सेन्सर खरं सांगतो की नाही हे बघणं माझं काम.

तापात मी त्या पाइपात होते. दूध पाहणारी नव्हते, दूध होते. टोकाला पोहोचायची आणि व्हॉल्व्ह मला मागे वळवायचा. पुन्हा टाकी, पुन्हा पाइप. आणि टाकी कशी होती सांगू? मी लहान असताना तुम्ही आईला आणि मला भिगवणला पक्षी दाखवायला नेलं होतं, आठवतं? उजनीचं पाणी पसरलेलं आणि त्यात ते उंच पायांचे गुलाबी पक्षी. टाकी तेवढी होती. दूध क्षितिजापर्यंत. पक्षी दुधात उभे होते, एकही हलत नव्हता. आणि मला प्रत्येक थेंबाचं तापमान माहीत होतं. बघून नाही, मोजून नाही, नुसतं माहीत होतं, जसं आपल्याला आपलं नाव माहीत असतं. आयुष्यभर मी मोजत आले आहे, पण असं कधी कळलं नव्हतं. ते खोटं होतं हे मला समजतं. तरी ते इतकं मोठं होतं की अजून डोळे मिटले की ते समोर उभं राहतं.

मग एकदा कुणीतरी ‘एकशे चार’ म्हणालं आणि सगळं पेटलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. नंतर ऑपरेटर आला. तो ‘पंच्याहत्तर, मॅडम’ म्हणाला. मी पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. त्यानंतर व्हॉल्व्ह उघडला आणि मला मागे वळवणं थांबलं. ऑपरेटर कोण होता माहीत नाही. कुणीच नसेल. हाताला कुणाचा तरी हात होता, तो सिस्टरचा असेल.

लोक विचारतात, आई दिसली का. नाही दिसली. खोटं का सांगू.

वेळेवर जेवत जा. फवारणी करताना तोंडाला फडकं बांधा.

कळावे,
आपली,
मेघना


बारामती,
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

प्रिय आप्पा,
जय भीम.

दहा तारखेचं पत्र मिळालं असेल. तुमचं उत्तर आलं नाही. का आलं नाही हे मला काल दुपारी कळलं. त्या पत्रातली एक माहिती चुकीची होती, ती आधी दुरुस्त करते. तुम्ही आत्ताच आला नव्हतात.

माझ्या घरमालकीण साखरबाई मावशी, हॉस्पिटलमध्ये माझ्याजवळ असायच्या, त्यांना तुम्ही आता चांगलंच ओळखता, काल मऊ भात घेऊन वर आल्या. मी सामान आवरत होते. कुकर कुणाला द्यायचा यावर बोलणं चाललं होतं. त्या मध्येच म्हणाल्या, “बापाला सांगितलंस का, एवढ्या लांब चाललीस ते?”

“पत्र टाकलंय.”

“पत्र? निमगावला जायाला येष्टी हाय की.”

मी म्हटलं, “मावशी, ते तरी कुठे वेळेवर आले? ताप उतरल्यावर आले.”

त्यांनी ताट खाली ठेवलं. “कोन म्हनलं तुला?”

“तेच म्हणाले. आत्ताच आलो म्हणाले.”

“आन् तू ऐकलंस.”

“आप्पा खोटं बोलत नाहीत.”

मावशी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला, तरी थांबेनात. मग डोळे पुसत म्हणाल्या, “अगं शाने, तीन दिस तुझा बाप त्या खोलीत खोट्याबिगर दुसरं काय बोललाच न्हाय.”

मी ताटासमोर बसून राहिले. त्या सांगत होत्या आणि भात गार होत होता. मधूनमधून त्या म्हणत होत्या, “खा गं, माझ्या तोंडाकडं काय बघतीस.” तुम्ही त्यांच्याकडून न सांगण्याचा शब्द घेतला होता हेही त्यांनी सांगितलं. “शब्द दिला व्हता मी,” म्हणाल्या, “पन तू त्यांना उशिरा आलं म्हनलीस, मग मला ऱ्हाववंना.” त्यांच्यावर रागावू नका.

त्यांनी सांगितलेलं आणि मला आठवणारं असं दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहते आहे. दोन उपकरणं एकाच पाइपावर बसवून ताडून पाहतात, तसं.

मी प्लांटमध्ये चक्कर येऊन पडले तेव्हा दीपकने, आमच्या पाश्चरायझरच्या ऑपरेटरने, मला हॉस्पिटलमध्ये नेलं आणि माझ्या फोनमधलं तुमचं नाव शोधून तुम्हाला कळवलं. तुम्ही पानमळ्यातून तसेच निघालात. मावशी म्हणतात तुमच्या अंगठ्याला पानं खुडायचं पत्र्याचं नख तसंच होतं, ते त्यांनी दाखवल्यावर तुम्ही काढून खिशात टाकलंत.

डॉक्टरांनी आधीचं काही दुखणं विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत: लहानपणी ताप चढला की हिला झटके यायचे, पाच वर्षांची होईपर्यंत औषध चालू होतं. म्हणून त्यांनी माझ्यावर जास्त लक्ष ठेवलं. हे वाक्य मी ओळखते, आप्पा. त्याच्याकडे मी नंतर येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरने थर्मामीटर बघून मोठ्याने ‘एकशे चार’ म्हटलं. ती फॅरनहाइटमध्ये बोलत होती, सगळे तापाला तेच बोलतात. पण मी प्लांटमध्ये होते. आमच्याकडे सेल्सिअस असतं. एकशे चार सेल्सिअस म्हणजे दूध उकळून गेलं, लाइनमध्ये वाफ कोंडली, आता काहीतरी फुटणार. मला ते स्पष्ट दिसत होतं. माझं काम होतं लाइन बंद करणं आणि सगळ्यांना बाहेर काढणं. मी सलाइनची नळी उपटली, कारण ती वाफेची नळी होती. चादरीवर रक्त झालं म्हणतात. मी दोनदा खाटेवरून उतरले. समोरच्या खाटेवरच्या बाईला मी ‘पळा’ म्हणून सांगितलं आणि ती बिचारी खरंच उठून बसली.

मला यात सर्वांत चकित करणारी गोष्ट ही आहे की माझं काहीच चुकलं नव्हतं. आकडा बरोबर ऐकला. त्या आकड्याला काय करायचं ते बरोबर आठवलं. क्रम बरोबर होता: आधी वाफ, मग पंप, मग माणसं. शिकलेलं सगळं जागेवर होतं, एक खिळा हललेला नव्हता, फक्त ते सगळं जगापासून सुटून दुसरीकडे उभं होतं. मी आजवर समजत होते की चित्र चुकलं म्हणजे कुठला तरी सेन्सर बिघडलेला असतो. माझे सगळे सेन्सर ठीक होते.

सिस्टर पट्टी घेऊन आली, हात खाटेला बांधायला. तिचंही बरोबर होतं, नळी पुन्हा लावायची होती. मावशी म्हणतात तुम्ही मध्ये उभे राहिलात. त्यांच्याच शब्दांत लिहिते:

“सिस्टर म्हनली, काका, बांधावं लागंल, न्हाय तर ती पडंल. तर तुझा बाप म्हनला, बांधू नका, मी धरतो. ती म्हनली, किती येळ धरनार तुमी? तर म्हनले, बाई, माझा जलम वेल बांधन्यात गेला. घट्ट बांधला का वेल करपतो. मला धरू द्या.”

आणि तुम्ही धरलंत. तो हात मला आठवतो. मनगटावर एक खरखरीत अंगठा होता आणि अंगठ्यावर आडवी खाच होती. त्या अवस्थेतही मी ती खाच टिपली होती आणि मनात म्हटलं होतं, दीपकच्या अंगठ्याला अशी खाच नाही, विचारायला हवं. मग विसरले. मागच्या पत्रात मी लिहिलं, तो हात सिस्टरचा असेल. कुठल्या सिस्टरच्या अंगठ्यावर पत्र्याच्या नखाचा वळ असतो?

पुढचं दीपककडून कळलं. काल संध्याकाळी मी त्याला फोन केला. तो आधी म्हणाला, “मॅडम, मला काय माहीत नाही.” मग म्हणाला, “तुमच्या आप्पांनी शब्द घेतलाय.” मी म्हटलं, मावशींनी मोडला, आता तूही मोड. तेव्हा त्याने सांगितलं.

तुम्ही हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून त्याला फोन केलात. म्हणालात, “दीपकराव, तुमच्या मशीनवर किती आकडा आला म्हंजी तुमी निवांत बसता?”

तो म्हणाला, “पंच्याहत्तर, आप्पा.”

“आन् एकशे चार आला तर?”

“एकशे चार आला तर पळ काढायचा.”

मग म्हणालात, “ती तेच करतीय.”

तुम्ही खोलीत परत आलात. मी ओरडत होते, टेंपरेचर सांगा, कुणीतरी टेंपरेचर सांगा. तुम्ही खाली वाकलात आणि म्हणालात, “पंच्याहत्तर, मॅडम.”

ते मला आठवतं. ते मी कधी विसरणार नाही. मागच्या पत्रात मी एका ओळीत लिहिलं, कारण ऑपरेटर कुणीच नसेल असं समजत होते. आता नीट लिहिते. सगळं जळत होतं, आणि एका क्षणात जळायचं थांबलं. आग विझली असं नाही. आग कधी नव्हतीच असं झालं. पाइप पुन्हा पाइप झाला. दूध वाहायला लागलं. मी विचारलं, “पुढे की मागे?” तुम्ही पुन्हा जिन्यात गेलात, दीपकला विचारून आलात आणि म्हणालात, “पुढं चाललंय, मॅडम.” व्हॉल्व्ह उघडला. मी त्या दुधाबरोबर पुढे गेले आणि समोर ते पांढरं पाणी होतं, क्षितिजापर्यंत, आणि पक्षी. पण आता ते हलत होते. पाय उचलून चालत होते. एक उडाला, मग सगळे उडाले, आणि त्यांच्या पंखांच्या आतला रंग मला दिसला. मी निमगावपासून भिगवणपर्यंतचं सगळं आभाळ एकदम पाहिलं. मग मला झोप लागली.

मी झोपावं म्हणून तुम्हाला तो आकडा किती वेळा सांगावा लागला हे मावशींना सांगता येईना. त्या म्हणतात, “डोळं उघडलंस का इचारायचीस. पाच-पाच मिंटाला. सिस्टर ताप बघून त्यांना खरं सांगायची, ते तुझ्याकडं वळून पंच्याहत्तर सांगायचे. सिस्टरला बी सवय लागली. ती खालच्या आवाजात एकशे तीन म्हनायची, तुझा बाप मोठ्यानं पंच्याहत्तर.” समोरच्या खाटेवरच्या बाईने मावशींना विचारलं म्हणे, हे कुठल्या गिरणीचे साहेब आहेत?

आप्पा, मी तुम्हाला ओळखते. पानांच्या डालग्यात तळाला बारीक पानं लपवायची सगळ्यांची पद्धत आहे. तुमच्या डालग्यात व्यापारी हातसुद्धा घालून बघत नाहीत. रविवारी विहारात तुम्ही वंदना घेता तेव्हा चौथ्या शीलापाशी तुमचा आवाज हळू होतो, मी लहानपणापासून ऐकलं आहे. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे तुम्ही कधी भरभर म्हटलेलं नाही. मावशी म्हणतात, रोज सकाळी तुम्ही हॉस्पिटलच्या बाकावर हात जोडून काहीतरी पुटपुटत बसायचात. “काय म्हनत व्हते कुनास ठाव.” मला ठाऊक आहे काय म्हणत होतात. रोज सकाळी तुम्ही ते शील घेतलंत आणि उठून आत येऊन पंच्याहत्तर म्हणालात. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलंत, पुन्हा आत आलात.

हे मला दुधाच्या समुद्रापेक्षा मोठं वाटतं. तो मला तापाने दाखवला, हे तुम्ही शुद्धीत केलंत.

आता मी टाळलेल्या गोष्टीकडे येते.

मार्चमधल्या त्या रविवारी संघपालच्या घरचे फलटणहून आले होते. सगळं ठरलं होतं. पोहे झाले, चहा झाला, तारखेवर बोलणं झालं. त्याच्या आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. ते अंगणात चपला घालत होते तेव्हा तुम्ही म्हणालात, “एक सांगायचं राहिलं.” आणि ते वाक्य सांगितलंत. लहानपणी ताप चढला की हिला झटके यायचे. चपला घालून झाल्या. आठवड्याने त्यांचा निरोप आला की मुलाचं शिक्षण अजून चालू ठेवायचा विचार आहे. संघपालने एकदा फोन केला. नंतर केला नाही.

तेव्हापासून मी तुमच्याशी ‘ठेवते’ एवढंच बोलते आहे.

तुम्ही बरोबर होतात असं मी या पत्रात लिहिणार नाही. मला अजून तसं वाटत नाही. जी गोष्ट पाचव्या वर्षी संपली ती सत्ताविसाव्या वर्षी अंगणात काढायची गरज नव्हती. त्या दिवशी मला तुमच्याकडून खोटंसुद्धा नको होतं. फक्त गप्प राहणं हवं होतं, ते लोक गाडीत बसेपर्यंत. तेवढं तुमच्याच्याने झालं नाही, आणि मी असं धरून चालले की तुम्हाला तुमचं शील माझ्यापेक्षा जास्त प्रिय आहे. मी मोजमापाची माणूस, एका नोंदीवरून आलेख काढला.

मावशींनी सगळ्यात शेवटी एक सांगितलं. ते सांगावं की नाही असं त्यांना झालं होतं. ताटातला भात चिवडत होत्या, माझ्याच ताटातला.

“तू बी एक बोललीस तापात,” त्या म्हणाल्या. “त्यांना दीपक समजून. म्हनलीस, दीपक, आमच्या आप्पांना कळवू नको मी आजारी हाय ते. त्यांना कळलं का ते समद्यांना खरं सांगत सुटतील.”

“मग?”

“मग काय? त्यांनी तुझ्या तोंडावरचा घाम पुसला. म्हनले, न्हाय कळवत, मॅडम.”

मी मावशींना विचारलं, आणि काही म्हणाले का. “न्हाय. भाईर जाऊन चूळ भरून आले. परत बसले.”

म्हणून ‘आत्ताच’. मी शुद्धीवर आल्यावर तुम्ही ‘आत्ताच आलो’ म्हणालात ते मी उशिरा आलात असं वाचलं. तुम्ही दीपक म्हणून दिलेला शब्द पाळत होतात. आप्पांना कळवायचं नव्हतं, मग आप्पा तीन दिवस तिथे कसे असतील? आप्पा आत्ताच आले. इतकं नीट खोटं मला बोलता आलं नसतं. आणि मी ते लगेच खरं मानलं, कारण ते तुम्ही बोलला होतात. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी अंगठ्यावरचा वळ तपासला असता.

त्याच दिवशी संध्याकाळी, खाटेवर बसून, मी गुजरातच्या मेलला ‘हो’ पाठवलं. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते. काम चांगलं आहे आणि मला ते येतं, हे खरं आहे. पण मी ‘हो’ त्या कामाला म्हटलं नव्हतं. त्या ‘आत्ताच’ला म्हटलं होतं.

सही अजून केलेली नाही. सोमवारपर्यंत वेळ आहे. मी आज साहेबांना विचारलं, नाही म्हटलं तर चालेल का. ते म्हणाले, माणसं आहेत, पण तू गेलीस तर बरं. तेव्हा दोन्ही वाटा उघड्या आहेत, आणि मला ठरवता येत नाही. असं मला आजवर कधी झालेलं नाही.

म्हणून रविवारी निमगावला येते आहे. वंदनेच्या आधी विहारात पोहोचेन, मागे बसेन. नंतर आपण पानमळ्यात जाऊ. तुम्ही नव्हतात त्या दिवसांत पानं जून झाली असतील, खुडायला मी मदत करेन. तिथे सावलीत मी तुम्हाला एक विचारणार आहे. आत्ता लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला तोवर विचार करता येईल. मी तीन वर्षांसाठी लांब गेले तर तुम्हाला कसं होईल?

माझ्या मागच्या पत्राला तुम्ही उत्तर का दिलं नाहीत, हे आता मला कळतं. ‘जा, माझं काय, बरं चाललंय’ असं लिहायचं होतं आणि ते कागदावर उतरत नव्हतं. बोलायला सोपं जाईल असं तुम्हाला वाटत असेल. तुम्हाला आता सवयही झाली आहे. मी विचारल्यावर तुम्ही वेलाकडे बघत म्हणाल, पुढं चाललंय, मॅडम.

तसं म्हणू नका. या एका वेळी मला खरा आकडा सांगा, कितीही असला तरी. मग जायचं की नाही ते मी ठरवेन. आज सकाळी ताप मोजला, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मी शुद्धीवर आहे, आप्पा. एकशे चार म्हणालात तरी पळणार नाही.

तुमचीच,
मॅडम